दीपगृहातली शेळी

गेमची जाहिरात संपली तरी चष्मेवाल्याने रिमोट खाली ठेवला नाही. त्याने ती पुन्हा लावली.

पडद्यावर धुकं होतं, नदी होती आणि नाव वल्हवणारा एक म्हातारा होता. तो तोंड वाकडं करून म्हणाला, "पोहत गेलो असतो, तर एव्हाना पोचून झोप काढली असती."

"हे माझं वाक्य आहे," चष्मेवाला म्हणाला. "उन्हाळ्यात इथेच बसून बोललो होतो."

मास्तर हसले. "अरे, त्या नावेच्या नावाने सगळी दुनिया बोटं मोडते. तुझंच कशावरून?"

मास्तर म्हणजे पोहायला शिकवणारे. आता निवृत्त झालेले. त्यांच्या शेजारी ताई बसली होती. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. खाली सतरंजीवर बोका पसरला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बोलण्यापेक्षा खायचा जास्त.

दर रविवारी दुपारी चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत हे चौघं जमायचे, ते 'धुक्याचं बेट' या गेमसाठी. बायको सोडून गेल्यावर चष्मेवाल्याने त्या बेटाचा कानाकोपरा पालथा घातला होता आणि मग इंटरनेटवर भलीमोठी तक्रार लिहिली होती. नाव गोगलगायीसारखी चालते. बेटावरची सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात. पिसं गोळा करता करता बोटं झिजतात, आणि इतका जीव लावलेला कुत्रा शेवटी उगाच मरतो. लोकांनी ती तक्रार डोक्यावर घेतली. तिच्याखालीच आधी ताईने लिहिलं, मग मास्तरांनी, मग बोक्याने. तिघंही याच गावातले निघाले. हळूहळू घरचे झाले.

आता गेमचा दुसरा भाग येणार होता. चौघांच्या बोलण्याला दुसरा विषय नव्हता.

"कुत्रा जगला पाहिजे, बास," ताई म्हणायची. "बाकी काही नको मला."

पण चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पुढच्या जाहिरातीत पिसं गायब झाली होती. त्याच्या पुढचीत बेटावरची प्रत्येक म्हातारी वेगळ्या आवाजात खोकत होती, आणि तोही त्याचाच विनोद होता. त्याने बहिणीला फोनवर सांगितलं, की आपलं बोलणं कुणीतरी चोरून कंपनीला पोचवतंय.

"तुझं बोलणं?" बहीण म्हणाली. "घरात तर कुणी कधी ऐकलं नाही. चोरतंय कोण?"

तो हसला नाही. तिघांपैकी एक जण फितूर होता, एवढं त्याने धरून ठेवलं. कोण, ते शोधायचं होतं.

ताईच्या चष्म्याची काडी घट्ट करता करता तो तिला म्हणाला, "दीपगृहात एक लंगडी शेळी हवी. रखवालदाराचं अजिबात न ऐकणारी. कुणाला सांगू नकोस हं, हसतील." मास्तरांना त्याने विहिरीच्या तळाशी वाजणाऱ्या घंटेबद्दल सांगितलं. बोक्याला वाळवंटात छत्र्या विकणाऱ्या बाईबद्दल. प्रत्येकाला एकटं गाठून, आवाज खाली आणून.

मग तो वाट पाहत राहिला. त्या काळात तो प्रत्येकाकडे तिरप्या नजरेने बघायचा. मास्तर इतके प्रश्न का विचारतात? बोका बोलत नाही, मग ऐकतो कशासाठी? ताईवर मात्र संशय घ्यायला त्याचं मन धजत नव्हतं. त्याला कावीळ झाली तेव्हा ती इस्पितळाच्या बाकावर झोपली होती.

अखेर नवी जाहिरात आली. दीपगृहाचा जिना दिसला, आणि त्यावरून एक लंगडी शेळी रखवालदाराची टोपी चघळत खाली आली. घंटा वाजली नाही. छत्रीवाली दिसली नाही.

या वेळी चष्मेवाल्याने जाहिरात पुन्हा लावली नाही.

रविवारी तिघं येऊन बसले तेव्हा त्याने टीव्ही लावलाच नाही.

"ताई, शेळीचं मी फक्त तुझ्याशी बोललो होतो."

ताईने पर्स जवळ ओढली.

"मास्तरांना दुसरं सांगितलं होतं, बोक्याला तिसरं. त्यातलं काही आलं नाही. शेळी आली."

बोक्याचा हात बिस्किटांच्या पुड्यातच राहिला.

"भाऊ, मी कंपनीचंच माणूस आहे," ताई शेवटी म्हणाली. "दवाखाना वगैरे काही नाही. तुमची तक्रार वाचून मला पाठवलं होतं. पण इस्पितळात आले ती माझी मी आले होते. ते कुणी सांगितलं नव्हतं."

"शोभतं का हे तुला?" मास्तर कडाडले. "या माणसाने आपल्याला घरात घेतलं, आणि तू त्याचं बोलणं विकत बसलीस? ऊठ. पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस."

बोक्याने उठून दार उघडून धरलं.

चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी मास्तरांचा हात खांद्यावर पडला तेव्हा त्याला जरा आधार वाटला. एक गेली, पण दोन माणसं आपली आहेत. "बसा मास्तर," तो म्हणाला. "आता आपण तिघंच."

ताईने पर्स उचलली. दारापाशी ती थांबली आणि मास्तरांकडे वळली.

"सर, तुम्ही दोघं आत्ताच निघताय की थांबताय? ऑफिसची गाडी एकच आलीय."