ठमीची साखर

मीटरवर आकडा उमटला. चारशे बारा.

तिनं ठमीच्या कानाच्या कडेवरचा रक्ताचा ठिपका कापसानं दाबून धरला आणि पुन्हा आकडा पाहिला. आठ महिने इन्सुलिन बंद होतं. आठ महिने मांजरीची साखर शहाण्यासारखी शंभराच्या आसपास होती. आणि आता हे!

दिवसभर प्रयोगशाळेत ती लोकांच्या रक्ताचे असे आकडे काढायची. घरी फक्त दोघी, ती आणि सासूबाई. घरात तिसरी ठमी, नवऱ्यानं आणलेली. तो जाऊन दोन वर्षं झाली होती.

"आई, काय घातलंत हिला?"

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बिस्कीट. दुधात भिजवून. दोन-तीनदा दिलं असेल."

तिचं टाळकंच सणकलं. "दोन-तीनदा? तुम्हाला काही वाटतं का? मी हिच्यासाठी जिवाचं रान करतेय, आणि तुम्ही माझ्या पाठीमागे बिस्किटं चारताय!"

"चुकलं गं," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.

त्या 'चुकलं'नं तर ती आणखीच पेटली.

आता पुन्हा सकाळ-संध्याकाळ सुई आली. मूत्रपिंडं थकलेली, म्हणून एक दिवसाआड कातडीखाली सलाईन. मूत्रपिंडाला चालणारं खाणं साखर वाढवायचं, साखरेला चालणारं मूत्रपिंडाला सोसायचं नाही. त्यात आतड्यांना सूज. गेल्या महिन्यात तर ठमीच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. नव्या गोळीनं तेवढी उलटी थांबली होती. कागदी पुडीत अर्ध्या केलेल्या पांढऱ्या गोळ्या होत्या. 'पोटाची गोळी' म्हणून सासूबाईंनीच त्या दवाखान्यातून आणल्या होत्या. त्या दिवशी तिची ड्यूटी होती. ठमीचा जबडा उघडून गोळी घशात सोडायची ती मात्र हीच. सासूबाईंचे हात थरथरायचे.

पुढचे दहा दिवस तिनं घर डोक्यावर घेतलं. बिस्किटांचा डबा कुलपात गेला. सासूबाईंच्या पुढ्यात ताट आदळलं जाऊ लागलं. फोनवर नणंदेलाही ऐकवून झालं, "तुझ्या आईला माया करता येते, अक्कल वापरता येत नाही!" सासूबाई समोरच बसल्या होत्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत.

अकराव्या दिवशी ती ठमीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि खूश झाल्या. "दोनशे ग्रॅम वाढलं की! खातेय, पचतंय."

"साखरेचं काय? सासूबाईंनी बिस्किटं चारली हिला."

"दोन-तीन बिस्किटांनी चारशे होत नाही हो," बाई हसल्या. "हे त्या गोळीमुळे. स्टेरॉइड आहे ना ती."

पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे मीच..."

"दुसरा इलाज नव्हता. गोळी दिली नसती तर ही उपाशी मेली असती. मूत्रपिंडं तर आधी गेली असती. साखर पुन्हा चढू शकते, हे मी तेव्हाच सांगितलं होतं तुमच्या सासूबाईंना. 'सुनेला मी सांगते' म्हणाल्या. नाही सांगितलं?"

ती घरी आली ती तणतणतच. पिंजरा खाली ठेवला, चपलाही काढल्या नाहीत.

"आई, बिस्कीट दिलंच नव्हतंत ना?"

सासूबाई पिंजऱ्याशी वाकल्या.

"दहा दिवस मी तुम्हाला वाटेल ते बोलले! नणंदेसमोर अक्कल काढली तुमची! तोंड शिवलं होतं का? काय म्हणून ऐकून घेतलंत?"

सासूबाईंनी पिंजऱ्याचं दार उघडलं. ठमी बाहेर आली आणि तडक आपल्या वाडग्याकडे गेली.

"तो गेला तेव्हा 'त्याचा रिपोर्ट मी आधी का नाही बघितला' म्हणत बसलीस," सासूबाई हळू म्हणाल्या. "तीन महिने. अन्नाला शिवली नाहीस. या हातांनी आता काही करायचं नाही, म्हणाली होतीस. गोळीचं कळलं असतं तर ठमीलाही हात लावला नसतास."

तिनं आत्ता कुठे चपला काढल्या.

"माझ्यावर चिडलीस, तर गोळी वेळेवर देत होतीस. आणि रागारागानं का होईना, दोन घास जेवतही होतीस."