बाबा म्हणतील तसं

"भिंतीकडून कशाला सुरुवात केलीस? झाडाकडून लाव," बाबा म्हणाले.

मिस्त्री गुडघ्यांवर बसल्या बसल्याच मागे वळला. फळ्यांच्या चार ओळी बसून झाल्या होत्या. परसात जमिनीवर अंथरायच्या या डेकच्या फळ्या भुसा आणि प्लॅस्टिक दाबून केलेल्या, आणि वरून एकही स्क्रू दिसू द्यायचा नव्हता. फळीच्या कडेला खाच असते. त्या खाचेत क्लिप घालायची, क्लिप खालच्या चौकटीला आवळायची आणि पुढची फळी तिच्यावर सरकवायची. दिसायला देखणं काम, पण मधली एक फळी काढायची तर शेवटापासून सगळं उसवत यावं लागतं.

"बाबा, ताईंनी घराच्या भिंतीकडून सांगितलंय."

"ताईंचं काय घेऊन बसलास? झाडाकडून."

मिस्त्रीने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. मागच्या गिऱ्हाइकाचं डेक उन्हात फुगलं होतं आणि त्याच्या नावाचा सगळीकडे बभ्रा झाला होता. हेही काम फसलं, तर या भागात त्याला कोणी दारात उभं करणार नव्हतं. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी हुज्जत घालायची? त्याने निमूटपणे चारही ओळी उसवल्या.

पहिल्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला, तेव्हाही बाबा असेच हात मागे बांधून फाटकाशी उभे होते. "उशीर केलास," म्हणत त्यांनीच फाटक उघडलं, फळ्यांचं एक टोक धरायलाही आले. ताई बाहेर आल्या तोवर दोघांनी मिळून अर्धा टेम्पो उतरवला होता.

ओळी उसवल्या त्या दुपारी ताई बघायला आल्या आणि थबकल्या. "आपलं भिंतीकडून ठरलं होतं ना?"

"हो, पण बाबा म्हणाले..."

ताईंनी एकदा बाबांकडे पाहिलं, ओठ दाबले. "बाबा म्हणाले का? मग राहू दे. बाबा म्हणतील तसं."

आणि त्या आत गेल्या. बाबांशी चकार शब्द नाही.

मिस्त्रीच्या ते मनात राहिलं. मग त्याला सगळंच दिसायला लागलं. चहाचे दोन कप यायचे, ते दोन्ही त्याच्याच हातात. "एक बाबांना द्या," एवढं बोलून ताई वळायच्या. जेवायच्या वेळी तर बाबांना कोणी आत बोलवायचंही नाही. मिस्त्री आपला डबा उघडायचा आणि बाबा सहज शेजारी येऊन बसायचे.

"घरात जेवत नाही का, बाबा?" त्याने एकदा भीत भीत विचारलं.

"घरात मला कोण विचारतंय!" बाबा म्हणाले आणि त्यांनी भाजीकडे हात नेला.

मिस्त्रीने डबा त्यांच्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवसापासून बायकोला सांगून तो डबा जरा जास्तच भरून आणू लागला.

संध्याकाळी काम उरकत आलं, की बाबा चपला सरकवून फाटकाबाहेर पडत. पाय मोकळे करायला जात असतील, दुसरं काय. एकदा साहेब, म्हणजे ताईंचे यजमान, जरा लवकर परतले.

"बाबा गेले का?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच गेले."

"बरं झालं," साहेब म्हणाले आणि बूट काढायला बसले.

बरं झालं? काय माणसं आहेत ही! मिस्त्रीला काही उमगेना. बरं, म्हाताऱ्याला किंमत नाही म्हणावं, तर त्याच्या शब्दाबाहेरही कोणी जात नव्हतं. बाबांनी फळ्या आडव्या लावायला सांगितल्या, मग परत उभ्या करायला लावल्या. ताई दोन्ही वेळा "बाबांचं समाधान होऊ दे," म्हणाल्या, पण बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने.

शेवटच्या दिवशी व्हायचं तेच झालं. झाडाकडून आल्यामुळे नेमकी दारापुढे चिंचोळी पट्टी उरली. मिस्त्रीने फळी उभी चिरून ती कशीबशी बसवली. ताई दारात उभ्या राहून तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाबांना चालतंय ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मग झालं."

मिस्त्रीला राहवलं नाही. त्याने ड्रिल खाली ठेवलं.

"ताई, राग मानू नका, पण बाबांशी असं वागणं बरं नाही. या वयात माणसाला दोन शब्द लागतात हो."

"मी वागते?" ताई उसळल्या. "मीच तुम्हाला बोलणार होते! एवढ्या उन्हात त्यांना दिवसभर उभं करता. घरी का नाही ठेवत?"

"घरी म्हणजे, आत?"

"आत कुठे? तुमच्या घरी!"

"माझ्या घरी कशाला ठेवू?"

"मग स्वतःच्या वडिलांना माणूस कुठे ठेवतो?"

"माझे वडील थोरल्या भावाकडे असतात," मिस्त्री चाचरत म्हणाला. "हे तर साहेबांचे..."

"साहेब लहान असतानाच त्यांचे वडील गेले."

दोघांनी एकदमच मान वळवली. बाबा शेवटच्या फळीवर ओणवे होऊन, एक डोळा मिटून, रेघ सरळ आली का ते बघत होते. जरा जास्तच वेळ बघत होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. खांद्याला पिशवी लावलेली एक बाई संकोचून आत आली. बाबांकडे बघून ओशाळं हसली आणि मिस्त्रीपाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "इथले साहेब तुम्हीच ना? मी बाबांची सून, मागच्या गल्लीत राहतो आम्ही. उद्या त्यांना डॉक्टरांकडे न्यायचंय, एक दिवस सुट्टी द्याल का? नोकरी नवीन आहे, म्हणून स्वतः मागायला लाजतात."