मऊ

चेंडू रिंगवरून उसळला की होणाऱ्या झटापटीतही कॉर्टलँडची कोपरं बरगड्यांपासून दोन इंचांपलीकडे जात नसत. ऑरिन टॅकेटने हे तीन हंगाम पाहिलं होतं. म्हणूनच कॉलेजच्या या सात फुटी खेळाडूला आपल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघात घ्यावं की नाही, हे तो मालकांना अजून सांगू शकला नव्हता. मध्यंतरात त्याने प्रशिक्षकाच्या कानावर एवढंच घातलं, "पोरगा गुणी आहे, पण मऊ आहे."

प्रशिक्षकाने कॉर्टलँडची जर्सी धरून त्याला खाली वाकवलं. "ऐकलंस का, लेका? वर बसलेला तो म्हातारा तुला मऊ म्हणतोय. आज कुणाचं तरी रक्त दिसू दे, नाहीतर जा गावी, बापासारखा कारखान्यात कोंबड्या कापत बस!"

खेळ पुन्हा सुरू झाला. पहिलाच चेंडू उसळला आणि कॉर्टलँडचं कोपर समोरच्याच्या जबड्यावर असं बसलं, की हाड मोडल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत आला. दोन दात रक्तासकट फरशीवर घरंगळले. ऑरिनच्या शेजारी बसलेला दुसऱ्या व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरणारा माणूस मांडीवर थाप मारून ओरडला, "जमलं बुवा तुझ्या हत्तीला!"

ऑरिनने मालकांना फोन लावला.

"बोल, ऑरिन. घ्यायचा ना?"

खाली कॉर्टलँड गुडघ्यांवर बसून, हमसून हमसून रडत, त्या पोराचे दात गोळा करत होता.


"नको," ऑरिन म्हणाला.