फाटकापाशी घेतलेली पापी

चार वर्षांच्या रेवाच्या ओठावर फोड आले, म्हणून नीलकंठ तिला डॉ. तडवींकडे घेऊन आला. यंत्रावरचा निकाल पाहून डॉक्टर म्हणाल्या, “हा विषाणू ज्या शरीरातून निघतो, तिथली प्रथिनं सोबत घेऊनच निघतो. ती आमच्याकडच्या जुन्या नमुन्यांशी जुळवून माणूस ओळखता येतो. रेवाला हा संसर्ग तिच्या आईकडून झालाय, गेल्याच आठवड्यात.”

“मृण्मयी तीन वर्षांपूर्वी पुरात वाहून गेली,” नीलकंठ म्हणाला. “देहसुद्धा सापडला नाही.”

“प्रथिनं त्यांचीच आहेत.”

नीलकंठनं रेवाला जवळ घेऊन विचारलं, “बाळा, तुझी पापी कुणी घेतली होती?”

“शाळेच्या फाटकापाशी एक मावशी आली होती. खूप रडत होती.” रेवा जरा घुटमळली. “बाबांना सांगू नकोस म्हणाली.”