दारफाळणी

बेल दुसऱ्यांदा वाजली तेव्हा मोझेलने याएलच्या तोंडावर हात ठेवला.

"पार्बताआजी," याएल हाताच्या आतून म्हणाली.

मोझेलने नुसती मान हलवली. नाही.

"ओ याएलची माय! सोनं घ्या वो, सोन्यासारखं ऱ्हा!" बाहेरून पार्बताबाईचा आवाज आला. समोरच्याच दाराची म्हातारी. पिशवीत आपट्याची पानं सळसळली. आज दसरा होता.

आणि आजच उपास. काल सूर्य बुडाल्यापासून मोझेलच्या तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा हा दिवस. पेणला तिची आजी ह्या दिवशी पांढरं लुगडं नेसून घराचं दार लावून घ्यायची आणि बाहेरच्या कुणालाही उघडायची नाही. दारफाळणी म्हणायची ती ह्या सणाला. आकाशात तीन तारे दिसले की मगच दार. पण पेणला ज्यूंची अशी पाच-सहा दारं एकदम लागायची. अमरावतीत हे एकच.

ओवेद, तिचा नवरा, वडिलांना घेऊन प्रार्थनेसाठी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये गेला होता. याएलला ताप आला म्हणून मोझेल मागे राहिली. ताप सकाळीच उतरला होता, तरी ती दर तासाला पोरीचं कपाळ बघत होती.

उघडावं का? आजीच्या वेळचं ते आजीबरोबर गेलं, असं ओवेद म्हणाला असता. पण दिवसभर पाळलं आणि शेवटच्या अर्ध्या तासात मोडलं तर? नांदगाव पेठेच्या मिलमध्ये ओवेद लागल्यापासून दोन वर्षं ती ह्या मजल्यावर राहत होती. आईला न सांगता पोरीला खुशाल उचलून नेणारं पार्बताबाई एवढं एकच माणूस होतं. ते ह्या एका बंद दारावरून गेलं तर?

तिसरी बेल वाजली नाही. दाराशी काहीतरी खुडबुडलं. मग चपला फरपटत गेल्या, समोरचं दार लागलं आणि कडी कर्रकन बसली. ती कडी मोझेलला रोज ऐकू यायची.

ती याएलला घेऊन गॅलरीत गेली. एक तारा पाण्याच्या टाकीवर होता. दुसरा बऱ्याच वेळाने दिसला. तिसरा हलत होता. ते विमान निघालं. खाली लोक एकमेकांना पानं देत होते, पायाला हात लावत होते. तिसरा तारा याएललाच दिसला.

मोझेलने पाणीसुद्धा न पिता दार उघडलं.

चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, मेझुझा होती. बोटभर लांब पितळी डबी, आत देवाच्या वचनाची गुंडाळी. येता-जाता तिला बोटं लावून ती ओठांना लावायची. आज त्या डबीवर हळदीकुंकू होतं आणि मागच्या फटीत आपट्याची दोन पानं खोचलेली.

ती पुसायला पदर उचलला, तसाच सोडला. समोरची बेल दाबली.

कडी निघाली. पार्बताबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे पांढरं काहून नेसली वो, सणाच्या दिवशी?"

मोझेल काही बोलायच्या आत म्हातारीने पुढे विचारलं, "गावाले गेल्ती काय?"

हो म्हटलं असतं की सगळं तिथेच मिटलं असतं. म्हातारीने वाट करूनच दिली होती. पण दिवसभर माफी मागून उघडलेल्या तोंडाचा पहिला शब्द खोटा?

"नाही. आतच होते."

"मालूम हाय मले. पोरीच्या चपला दाराशी होत्या."

मोझेलचे कान तापले. "आमच्यात आजच्या दिवशी दार उघडत नाहीत, आजी. उपास असतो. माफी मागायची असते."

"कोणाची?"

"देवाची. आणि... ज्यांना दुखवलं त्यांची. चुकलं माझं."

"असा कसा वो तुमचा देव? माणसासाठी दार लावाले सांगते?"

हेच मोझेल दुपारपासून स्वतःला विचारत होती. तिने आपल्या चौकटीकडे बोट दाखवलं. "मग त्याला सोनं कशाला दिलंत?"

"राग तुहा आला. त्याचा काहून येईन?" पार्बताबाईने त्या डबीकडे बघितलं. "बाहेरच उभा होता बिचारा. माह्यासारखा."

याएलने हात पुढे केला. म्हातारीने पिशवीतलं एक पान तिच्या मुठीत दिलं, मोझेलला दिलं नाही, आणि दार लोटून घेतलं.

मोझेल तिथेच उभी राहिली. घशाला कोरड पडली होती. ती कडीच्या आवाजाची वाट बघत होती.

आवाज आला नाही.