लाल रिबीन

"आत हात घालून ओळखा," म्हणत मी कापडी पिशवी वर्गापुढे धरली. परिसरातले प्राणी मुलांना ओळखीचे व्हावेत म्हणून मी शाळांतून फिरते. पिशवीत सापाची कात असते. आज माझ्याच लेकीचा वर्ग होता. तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि ती थबकली. "आई, कात हलते का गं?" पहाटे माझ्या सर्पमित्र नवऱ्यानं पकडलेला विषारी साप घरी खुंटीवरच्या तशाच पिशवीत होता. पण आमची दोघांची खूण ठरलेली: जिवंत साप असलेल्या पिशवीला लाल रिबीन. निघताना मी पाहून घेतलं होतं, या पिशवीला रिबीन नव्हती. "हलू नकोस," मी कसंबसं म्हणाले. ती शहाण्यासारखी उभी राहिली. तिच्या वेणीवरचं लाल रिबिनीचं फूल तेवढं थरथरत होतं. सकाळी मीच ओरडले होते, "खुंटीवर असेल ती बांध, उशीर होतोय!"