चहाबंद गट

चहातल्या तुरट द्रव्यांनी रक्तातली साखर उतरते का, यावर मॅडमचं तीन वर्षं संशोधन चालू होतं. निम्म्या माणसांना रोज चार कप चहा, निम्म्यांना थेंबही नाही. आणि आता या चहाबंद गटातल्या एकूण एक माणसाच्या लघवीत चहाचा अंश सापडला होता. एखादा चोर असता तर समजण्यासारखं होतं, इथे तर अख्खी टोळीच निघाली. मॅडमनी एकेकाला बोलावून खोदून खोदून विचारलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

शेवटी आले निवृत्त बसचालक काका. चाळीस वर्षं चहाच्या जोरावर गाडी हाकलेला माणूस. मॅडमचा पहिला संशय त्यांच्यावरच होता.

"काका, खरं सांगा. घरी नाही, तर बाहेर कुठे घेता?"

"बाहेर कुठला? घरातली चहापत्तीसुद्धा शेजाऱ्यांना देऊन टाकली. त्यावरून बायको अजून धड बोलत नाही," काका म्हणाले. "घेतो तो फक्त इथे."

"इथे?"

"नमुना द्यायला बसलं की तासभर काही होत नाही. मग तुमच्या मावशी कप आणून देतात, पटकन व्हावं म्हणून. सगळ्यांनाच देतात. मी पहिल्याच खेपेला नको म्हणालो होतो, मॅडम. तुम्ही कागदांतून मान वर न करता म्हणालात, घ्या हो काका, एका कपाने काय होतंय."